चार कुलपांची पेटी

आमच्या चर्चमध्ये भर उपासनेत एका लोखंडी पेटीतून तीनदा कोंबडा आरवला, आणि त्या पेटीवर माझा फोटो लटकत होता. या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. तरी अजूनही मंडळीत कोणी नवा माणूस आला, की माझी ओळख करून देताना आधी कोंबड्याचं सांगतात आणि मग माझं नाव सांगतात.

नाव शमुवेल साळवे. चाकणच्या एका कंपनीत बावीस वर्षं मेंटेनन्सला आहे. मोटारींचे पत्र्याचे भाग दाबून काढणारे मोठाले प्रेस आमच्याकडे आहेत. ते बिघडले की मी दुरुस्त करतो, आणि बिघडलेले नसले की ते कधी बिघडतील याची काळजी करतो. बायको मार्था शाळेत शिकवते. माझे वडील, ज्यांना घरात सगळेच दादा म्हणतात, शेवगावकडच्या एका मिशन दवाखान्यात चाळीस वर्षं कंपाउंडर होते, आता आमच्याकडे असतात. राहायला आम्ही पिंपळे गुरवला आणि चर्च निगडीला. राहता राहिली आमची एकुलती एक शलोमी, तेव्हा सतरा वर्षांची. ही सगळी भानगड तिच्यासाठीच झाली.

झालं असं होतं, की शलोमी माझ्याशी बोलत नव्हती. भांडण नव्हतं, उलट उत्तर नव्हतं, अभ्यासात मागे नव्हती. नुसती फोनमध्ये होती. जेवलीस का विचारलं तर मान हलवायची, आणि तीसुद्धा स्क्रीनकडे बघत, त्यामुळे ती मला होकार देत होती की फोनमधल्या कोणाला, हे कळायला मार्ग नव्हता. समोर बसलेली असताना मला तिची आठवण यायची. हे मी कोणाला सांगितलं नाही. मला असलं काही बोलून दाखवता येत नाही, मला नट आवळता येतात.

त्या जानेवारीत पाळकसाहेबांनी ‘वेळ’ या विषयावर उपदेश केला. वेळ आपल्या मालकीची नाही, देवाने ती राखायला दिली आहे, आणि राखणदाराला एक दिवस विचारणा होणारच, असं ते म्हणाले. मग त्यांनी तरुण मुलांच्या मोबाइलचा विषय काढला. सगळ्या आईबापांनी माना डोलावल्या आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या मुलाकडे बघितलं. मी मात्र प्रामाणिकपणे स्वतःच्याच मुलीकडे बघितलं. नेमकं त्याच वेळी तिने माझ्याकडे बघितलं. मी मांडीवर कंपनीचा फोन ठेवून एक मेसेज वाचत होतो. (ते काम होतं.)

दुरुस्तीच्या माणसाला आधी मोजमाप लागतं. मी एक वही केली आणि शलोमी रोज किती वेळ फोन बघते ते आठवडाभर लिहिलं. मी कामावर असायचो तेव्हा नोंदी घ्यायचं काम दादांकडे दिलं होतं. दादांच्या नोंदीत तीनच प्रकार सापडले: ‘थोडा वेळ’, ‘लई वेळ’ आणि ‘मी झोपलो होतो’. त्यातून मी हिशोब काढला, रोजचे तीन तास दहा मिनिटं. कसा काढला ते विचारू नका. वही मी मार्थाला दाखवली. तिने पानं उलटली आणि विचारलं, यात एकाच माणसाचं नाव का आहे? मी म्हटलं, बिघाड एकाच मशीनमध्ये आहे. त्यावर ती भाजी चिरायला निघून गेली, आणि त्या दिवशी भाजी फार जोरात चिरली गेली.

मग मी पेटी बनवली.

पेटीचं नीट सांगायला हवं. कंपनीत मशीन दुरुस्त करायला आत माणूस गेला, आणि बाहेरून कोणी चुकून बटण दाबलं, तर त्या माणसाचं काय होईल हे सांगायची गरज नाही. म्हणून आमच्यात एक पद्धत आहे. मशीनचा मुख्य खटका बंद करायचा आणि त्याला एक लोखंडी पकड लावायची. त्या पकडीला सहा भोकं असतात. आत काम करणाऱ्या प्रत्येकाने तिथे स्वतःचं कुलूप घालायचं, चावी स्वतःच्या खिशात. सहा माणसं असतील तर सहा कुलपं. एकाचं जरी राहिलं तरी मशीन चालू होत नाही. आणि ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. बाप असो, मॅनेजर असो, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. कुलपाला लाल टॅग असतो. त्यावर त्या माणसाचा फोटो, नाव आणि ठळक अक्षरांत सूचना: धोका! चालू करू नका. माणूस कामावर आहे.

या पद्धतीमुळे माझी दहाही बोटं शाबूत आहेत. ज्याने बोटं वाचवली ते घर वाचवणार नाही का, असं मला वाटलं. भोसरीतल्या एका ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून पेटी वेल्डिंग करून आणली, तसलीच पकड आणली, चार कुलपं आणली. मार्थाचं हिरवं, शलोमीचं पिवळं, दादांचं निळं, माझं लाल. माझ्या कुलपाला मी टॅगसुद्धा लावला, फोटोसकट. नियम असा केला, की रोज संध्याकाळी सातला सगळ्यांचे फोन पेटीत जातील, कुटुंब-प्रार्थना होईल, जेवण होईल, आणि साडेआठला चौघांनी समोर बसून आपापलं कुलूप काढायचं. शनिवारी पेटी बंद झाली की ती रविवारी उपासना होईपर्यंत उघडायची नाही.

दादा खूश झाले. त्यांच्या फोनवर दिवसभर गुडघेदुखीचे उपाय चालायचे, त्यांनी तो आनंदाने पेटीत टाकला आणि चावी दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. मार्थानेही टाकला. शलोमीने फोन हातात धरून विचारलं, “आणि तुमचा कंपनीचा फोन?”

“तो नाही. ते काम आहे.”

तिने आपला फोन पेटीत ठेवला आणि पिवळं कुलूप लावलं. आवाज फार लहान झाला, पण मला तो अजून आठवतो.

आता खरं सांगायचं तर पेटीने काम केलं. पहिले दोन दिवस घरात दवाखान्याच्या बाहेरच्या बाकड्यावर असते तशी शांतता होती. तिसऱ्या दिवशी दादांनी एका सापाच्या विषावरच्या औषधाची गोष्ट काढली. ती खोटी होती, पण शलोमीने मध्येच एक प्रश्न विचारला. चौथ्या दिवशी तिने दोन विचारले. आठवड्याभरात ती, मार्था आणि दादा मिळून जुनी गीतं म्हणायला लागली. दादा एका सुरात, मार्था दुसऱ्या, आणि शलोमी दोघांना ओढून एका जागी आणायची. हे सगळं मला मार्थाने सांगितलं. कारण मी तिथे नव्हतो. मी ओव्हरटाइमला होतो.

यातून पुढचा घोटाळा सुरू झाला. लावायला चावी लागत नाही, त्यामुळे मी नसलो तरी सातला माझं कुलूपही दाबून लावलं जायचं. साडेआठ वाजायचे, तीन कुलपं निघायची, आणि लाल कुलूप माझा फोटो मिरवत तसंच राहायचं. शलोमीच्या कॉलेजच्या सगळ्या सूचना फोनवर यायच्या. कधी मी नऊला उगवायचो, कधी त्याहून उशिरा, आणि तिघंही पेटीभोवती बसलेली असायची. एकदा तर दादा माझ्या टॅगवरच्या फोटोकडे बघत म्हणाले, “आता तू न्हाई आलास तरी चालंल बाबा, तुझी चावी आली म्हंजी झालं.” शलोमीने सुचवलं, की पप्पांनी एक चावी मम्मीकडे द्यावी. मी तिला नियम समजावून सांगितला. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. शिवाय सुपरवायझरचं कुलूप सगळ्यात शेवटी निघतं, हा तर माझा बावीस वर्षांचा शिरस्ता. अगदीच तोडायचं झालं तर त्याचा एक फॉर्म असतो, तो भरून, कारण लिहून, सही झाल्याशिवाय कोणी करवत उचलायची नाही. अर्धा तास समजावलं. मुलगी माझं इतका वेळ ऐकतेय, या आनंदात मी होतो.

चर्चमध्ये पेटीचा बोभाटा झाला. (मीच केला.) तीन घरांनी फॅब्रिकेटरचा पत्ता मागितला. पाळकसाहेबांनी माझा हात हातात घेऊन कौतुक केलं, आणि मार्चमधल्या तरुण रविवारी, म्हणजे ज्या दिवशी सगळी उपासना तरुण संघ चालवतो त्या दिवशी, ‘वेळेचा सदुपयोग’ या विषयावर शलोमीनेच साक्ष द्यावी असं ठरवलं. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं. पेटीवाल्या घरातली मुलगी, तिच्याहून योग्य कोण? मी येणार ना, असं तिने मला विचारलं. पेटीचा विषय सोडला, तर कित्येक महिन्यांत तिने आपणहून मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी येणार म्हटलं, आणि सुट्टी टाकली.

सुट्टी टाकली, कारण आमच्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. जगाच्या निर्मात्याने सातव्या दिवशी विश्रांती घेतली असेल, पण आमच्या पट्ट्यात विजेच्या सोयीने तो दिवस गुरुवार पडला. त्यामुळे रविवारी पाळी सकाळची असली की माझी उपासना बुडायची, दुपारची असली तर मिळायची. आणि गुरुवारी मी घरी असायचो, तेव्हा मार्था शाळेत, शलोमी कॉलेजात. मी आणि दादा समोरासमोर बसून गुडघेदुखीचे उपाय बघायचो.

तो रविवार उजाडला. पावणेसहाला कंपनीचा फोन वाजला. आमचा शिफ्ट इन्चार्ज कदम होता. तीन नंबर प्रेसचा तेलाचा पाइप फुटला होता आणि खाली तेलाचं तळं साचलं होतं. “साळवे भाऊ, सुट्टी हाय मला माहितीय,” कदम म्हणाला, “पण हे तुम्हीच करू शकता राव.”

‘तुम्हीच’. हा शब्द बावीस वर्षं माझ्यावर औषधासारखा लागू पडतो. तो ऐकला की मी बुटात पाय घातलेले असतात, आणि नंतर मला कळतं की मी निघालोय.

शलोमी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिची साक्ष तिने फोनमध्ये लिहून ठेवली होती आणि फोन शनिवारपासून पेटीत होता. निघण्याआधी पेटी उघडून घ्यायचं आमचं ठरलं होतं, तेवढ्यासाठी मी नियमाला सूटही दिली होती. ती म्हणाली, “आत्ता उघडता का?” पण दादा नुकतेच अंघोळीला गेले होते, चावी त्यांच्या गळ्यात, आणि दादांची अंघोळ म्हणजे पाऊण तास. मी म्हटलं, दोन तासांचं काम आहे, मी परस्पर चर्चला येतो, पेटी तिकडेच घेऊन या, साडेनऊला उघडू. आता वाटतं, मी नुसतं माझं लाल कुलूप काढून गेलो असतो तरी सगळं निभावलं असतं. पण सुपरवायझरचं कुलूप शेवटी निघतं ना!

यापुढचं थोडं मार्थाने सांगितलेलं. दादा निगडीच्या बसमध्ये पेटी मांडीवर घेऊन बसले. पेटीवर चार कुलपं, त्यातून लोंबणारा लाल टॅग, आणि त्यावर ‘धोका!’ शेजारचा माणूस टॅग वाचून उठला आणि पुढे जाऊन उभा राहिला. त्याचं बघून मागचे दोघं उठले. कंडक्टरने येऊन विचारलं, काय आहे यात? दादांनी सगळं खरं सांगितलं: आमचे फोन आहेत, कुलूप मुलाचं आहे, मुलगा कंपनीत आहे. कंडक्टरने विचारलं, मग उघडणार कसं? दादा म्हणाले, “प्रार्थना चालू हाय.”

साडेनऊला उपासना सुरू झाली. पेटी पुढच्या टेबलावर ठेवली, तिघांनी आपापली कुलपं काढली, आणि सगळे दाराकडे बघत बसले. मी तेव्हा प्रेसच्या खाली पाठीवर पडलो होतो.

आता दादांना रोज साडेदहाला रक्तदाबाची गोळी घ्यायची असते. त्यासाठी त्यांच्या फोनमध्ये गजर आहे. ऐकू कमी येतं म्हणून आवाज पूर्ण मोठा, आणि गावाकडची आठवण म्हणून तो कोंबड्याचा. कोणी बंद केला नाही तर दर दहा मिनिटांनी पुन्हा आरवतो. लोखंडी पेटीत रेंज जात नाही, पण गजराला रेंज लागत नाही. साडेदहाला पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थना करत होते, तेव्हा तो पहिल्यांदा आरवला. लोखंडातून आलेला तो आवाज, मार्था सांगते, एखाद्या विहिरीत पडलेल्या कोंबड्याचा वाटत होता. ख्रिस्ती मंडळीत कोंबडा आरवला, की आपल्या प्रभूला तीनदा नाकारणारा तो शिष्य सगळ्यांनाच आठवतो. पाळकसाहेब क्षणभर थांबले आणि म्हणाले, “आमेन.” दहा चाळीसला गीताच्या मधोमध तो दुसऱ्यांदा आरवला. मागच्या बाकांवरची तरुण पोरं खाली वाकून बसली होती, त्यांचे खांदे हलत होते.

मी इकडे पाइप बसवला, कदमला ‘चालू करून बघा’ म्हटलं आणि गाडीला किक मारली. म्हाळुंगे, तळवडे, प्रत्येक चौकात कंटेनर. कपडे तेलाने माखलेले, हात तसेच. चर्चच्या पायऱ्या चढलो आणि दारात पोहोचलो, तेव्हा दहा पन्नास झाले होते. शलोमी पुढे उभी होती आणि बोलत होती.

“माझी साक्ष या पेटीत आहे,” ती म्हणत होती. “तीन कुलपं निघाली आहेत. चौथं पप्पांचं आहे, आणि ते...”

तिसऱ्यांदा कोंबडा आरवला. सगळी मंडळी वळली आणि दारात मी होतो.

कोणी हसलं नाही. मला वाटतं, हसले असते तर बरं झालं असतं. शलोमीने बोट नुसतं पेटीकडे केलं. मी सगळ्यांच्या मधून चालत पुढे गेलो, टेबलापाशी उभा राहिलो, आणि खिशात हात घातला. उजवा खिसा. डावा खिसा. पुन्हा उजवा. चावी नव्हती. मग मला लख्ख दिसलं: घरच्या कुलपाची आणि कंपनीच्या कुलपाची चावी एकाच रिंगमध्ये, रिंग माझ्या हत्यारांच्या डब्यात, डबा चाकणला. आणि तीन नंबर प्रेसला माझं कुलूप तसंच लटकत होतं. मी काढलंच नव्हतं. म्हणजे त्या क्षणी निगडीत एक पेटी आणि चाकणला एक प्रेस, दोन्हीकडे एकाच माणसाने कुलूप घातलेलं होतं, आणि तो माणूस सगळ्यांसमोर स्वतःचे खिसे चाचपत होता.

“बसा पप्पा,” शलोमी हळूच म्हणाली. “मी आठवेल तसं सांगते.”

मी पहिल्या बाकावर बसलो. शेजारच्या काकूंनी साडी सावरून घेतली.

ती म्हणाली, की मी रोज तीन तास फोन बघायचे. वहीत लिहिलंय ते खरं आहे, उलट कमीच आहे, कारण दादा झोपायचे. त्यातलं बरंचसं मला दुसऱ्या दिवशी आठवायचंही नाही, आणि त्याची मला लाज वाटते. पेटी आली तेव्हा मला राग आला होता. पण मग दादांच्या गोष्टी कळल्या, मम्मीचा आवाज इतका चांगला आहे हे कळलं. दोन तास रिकामे मिळाले की त्यात माणसं असतात, हे देवाने मला दाखवलं.

“मला फोन आठवीत मिळाला,” ती म्हणाली. “पप्पांनीच दिला. रविवारी त्यांना शिफ्ट असायची. ते म्हणाले, तू चर्चमध्ये गाशील ते मला पाठवत जा, मी जेवणाच्या सुट्टीत बघीन. मी दर रविवारी पाठवायचे. ते अंगठा पाठवायचे. मग मला वाटायला लागलं, की पप्पांशी बोलायचं ते फोनमधूनच. पुढे सवय झाली.” तिने पेटीवर हात ठेवला. “पेटी बंद असते तेव्हा घरात खूप छान वाटतं. पण ती उघडायला पप्पा घरी यायला पाहिजेत. माझी प्रार्थना तेवढीच आहे.”

तेवढं बोलून ती गायला लागली. फोनमधल्या साथीशिवाय, नुसती. मी तिचं गाणं पाच इंच काचेवर शेकडो वेळा बघितलं होतं. तिच्या गळ्याची शीर ताणली जाते हे त्या काचेत कधी दिसलं नव्हतं. मी रडलो, हे लपवण्यात अर्थ नाही, कारण तेलाच्या हातांनी डोळे पुसल्यामुळे ते नंतर तीन दिवस सगळ्यांना दिसत होतं.

आणि खिशात कंपनीचा फोन थरथरायला लागला. कदम. मला माहीत होतं तो काय सांगणार: साळवे भाऊ, प्रेसला तुमचं कुलूप आहे, लाइन उभी आहे, तुम्हीच या. फोन थांबला, पुन्हा सुरू झाला. बावीस वर्षांत असा फोन आला की मी वाकून बाहेर निघून गेलो नाही, असं झालेलं नाही. मी खरोखर अर्धा उठलो. त्याच वेळी दानाची झोळी माझ्यासमोर आली. शलोमी गाता गाता माझ्याकडेच बघत होती. मी फोन झोळीत टाकला.

झोळी पुढे गेली. प्रत्येक बाकावर ती थरथरत पोहोचली, आणि प्रत्येक माणूस आत डोकावून माझ्याकडे बघत होता. पाळकसाहेबांनी ती वर उचलून आशीर्वाद मागितला, तेव्हाही कदमचे प्रयत्न चालूच होते.

उपासनेनंतर अंगणात प्रीतिभोजन होतं. पेटी कट्ट्यावर आणून ठेवली होती आणि ती वेळेवर आरवत होती. पाळकसाहेबांनी विनंती केली, की संध्याकाळच्या उपासनेआधी याचं काहीतरी व्हावं. कोणीतरी जनरेटरच्या खोलीतून करवत आणली. मी ती घेतली, तर शलोमी मध्ये आली आणि म्हणाली, “फॉर्म?” तिने उपासनेच्या पत्रकाची मागची कोरी बाजू पुढे केली. मी तिला समजावलं होतं ते सगळे रकाने तिने आखले होते: कुलपाच्या मालकाचं नाव, कुलूप तोडण्याचं कारण, मालकाच्या अनुपस्थितीचा कालावधी, सही. मी कट्ट्यावर बसून भरला. शेवटून दुसऱ्या रकान्यात ‘दीड तास’ असं लिहिलं. तिने वाचलं आणि घडी करून ठेवून दिला. मग मी माझं कुलूप कापायला बसलो. उत्तम दर्जाचं होतं, मीच निवडलेलं, त्यामुळे पाऊण तास लागला. लोक हातात ताटं घेऊन भोवती उभे राहून बघत होते, आणि दर दहा मिनिटांनी पेटी माझा उत्साह वाढवत होती.

जेवून मी झोळीतला फोन परत घेतला आणि चाकणला गेलो. प्रेस चार तास उभा होता. तिसऱ्या दिवशी लेखी खुलासा मागणारं पत्र आलं आणि मला आमच्या प्लांट मॅनेजरसमोर उभं राहावं लागलं. मी सगळं सांगितलं, कोंबड्यासकट. आणि बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, की साहेब, मला सुट्टी गुरुवारऐवजी रविवारी मिळाली तर बरं होईल. नकाराची तयारी मी मनात करून ठेवली होती. त्यांनी रजिस्टर उघडलं.

“गुरुवारी प्लांट बंद असतो, तेव्हाच तर मला मेंटेनन्सला जुना माणूस हवा असतो,” ते म्हणाले. “घ्या की रविवार. पण साळवे, बावीस वर्षांत तुम्ही हे कधी विचारलं का नाही?”

मला वाटत होतं रविवार ही कंपनीने घेतलेली गोष्ट आहे. ती मी स्वतःहून दिलेली होती, कोणी न मागता.

पेटी अजून घरात आहे. कुलपं काढून टाकली, झाकण नुसतं टेकवलेलं असतं. संध्याकाळी त्यात पाच फोन असतात, कारण आता कंपनीचाही असतो. अधूनमधून शलोमीचा हात झाकणाकडे जातो, कधी माझा, आणि ज्याचा जातो त्याला दादा सापाच्या विषाची गोष्ट पहिल्यापासून ऐकवतात.

खुलाशाच्या त्या दिवशी मी घरी वेळेवर पोहोचलो. शलोमीकडून तो फॉर्म मागून घेतला आणि पेन काढलं. अनुपस्थितीच्या रकान्यातलं ‘दीड तास’ खोडलं, आणि जन्मभर इतरांचा वेळ मोजणाऱ्या माणसाला शोभेल अशी अचूक नोंद केली: सतरा वर्षं, गुरुवार सोडून.